खाडा दोन दिवसांच्या वर नको

चि. —,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ५.९. मधुमेह ६.५ पासून धरतात आणि ५.७ च्या खाली ठीक समजतात. तू मधल्या पट्ट्यात आहेस. वडिलांना मधुमेह आहे, म्हणून हा आकडा मनावर घ्यायचा, पण हातपाय गाळायचे नाहीत. जिमची वर्षाची फी एकदम भरून टाकू का, असं विचारलं आहेस. इतक्यात नको. आधी व्यायाम अंगात नेमकं काय करतो ते बघ.

जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. एरवी त्यांना त्यासाठी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करू लागला की तो इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतो. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस, फार तर तीन, तो इन्सुलिनला चांगली दाद देतो. मग हा गुण उतरतो. म्हणून तुझ्यासाठी पहिला नियम असा : लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम गड, हे हृदयाला अगदीच वाया जात नाही. पण साखरेच्या हिशेबात मंगळवार-बुधवारपर्यंत खातं रिकामं होतं. शिवाय सवय नसलेले गुडघे उतरताना बोलतात ते वेगळंच.

वजन उतरत नाही म्हणून लोक महिन्याभरात सोडून देतात, तिथेच फसगत होते. १९५३ साली लंडनमध्ये डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि उशिरा होत होता. मग कुणीही शंका काढेल, की ड्रायव्हर मुळात जाडे असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या कंबरेची मापंही तपासली. ड्रायव्हर खरंच रुंद निघाले, पण सारख्या कंबरेच्या माणसांतही कंडक्टरच सरस ठरले. तेव्हा काट्याकडे रोज बघू नकोस. महिन्यातून एकदा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लाव. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत असावं.

आता प्रमाण. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. घड्याळाने मोजायचं तर १५ सेकंदांत २५ पावलं पडली पाहिजेत. मोबाइलवर रील बघत चालण्यात ती पडत नाहीत, हे लिहून ठेव. चेन्नईत भारतीयांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुझ्यासारख्या मधल्या पट्ट्यातल्या लोकांना रोज अर्धा तास भरभर चालणं आणि आहारात बदल सांगितला होता. सुमारे अडीच वर्षांत मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. औषधाविना.

डोंबिवलीहून घाटकोपर, पुढे मेट्रोने अंधेरी असं तुझं चालतं. लोकलमध्ये लोंबकळत येणं हा व्यायाम नव्हे, ती फक्त दमणूक. मात्र सकाळी घरून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा सोडलीस तर बारा-पंधरा मिनिटं तिथेच निघतात. सरकता जिना टाळ. दुसरी पाळी रात्री जेवणानंतर : ताट सरकवल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं इमारतीभोवती फेऱ्या. साखर चढायची वेळ तीच असते, म्हणून हीच पाळी सगळ्यात कामाची. पहिले दोन आठवडे या सगळ्यातून मिळून दिवसाला १५ मिनिटं पुरे, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढव.

ताकदीसाठी जागा चटईएवढी पुरते. खुर्चीवरून हात न टेकता उठबस १०, ओट्याला हात टेकून जोर ८, पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली १५, आणि पुस्तकांनी भरलेली सॅक वाकून पोटाकडे ओढणं प्रत्येक हाताने १०. असे दोन फेरे, मध्ये दीड मिनिट विश्रांती. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सहज होऊ लागले की ओट्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून जमिनीवर ये. जोर काढताना कंबर खाली लोंबू देऊ नकोस आणि श्वास कोंडू नकोस. श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. सूर्यनमस्कारही चालतील, पण घाईने मोजत सुटू नकोस. बारा नीट घातलेले पुरे.

पहिल्या महिन्यात हमखास बिघडतं ते नडगीचं आणि टाचेचं. कारण एकच, वेग आणि वेळ एकाच आठवड्यात वाढवणं. एका वेळी एकच वाढव. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ आली तर झिजलेल्या चपलेकडे बघ, पोटऱ्या ताण आणि आठवडाभर चालणं निम्मं कर.

पावसात घसरड्या फुटपाथवर शौर्य नको. इमारतीचा जिना चार-पाच वेळा चढ. उतरताना कठडा धर. ऑक्टोबरच्या उकाड्यात दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, म्हणून ऊन चढायच्या आत आटप. डिसेंबर-जानेवारीत उलट : पहाटे धुरकं खाली बसलेलं असतं, तेव्हा हवेच्या प्रदूषणाचा आकडा वाईट असेल तर घरातच जोर-बैठका काढ. ताप असताना मात्र पूर्ण सुट्टी, आणि उतरल्यावरही दोन दिवस हळू. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं, आणि ताबडतोब डॉक्टर.

तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा कर, त्याआधी नको. तो आकडा साधारण तेवढ्या काळाची सरासरी सांगतो. आणि रक्त देण्याआधी एक-दोन दिवस जड व्यायाम करू नकोस. दुखावलेल्या स्नायूंतून एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) रक्तात उतरतं, आणि यकृत बिघडलं की काय म्हणून उगाच घरभर धावपळ होते.