लॉनमधले पिवळे चट्टे आणि सूत्रकृमी न लागणारी हरळी

प्रश्न (कळमेश्वर तालुका, जि. नागपूर): साहेब, अर्ध्या एकरात लॉन लावलं आहे. गादी कापून मंगल कार्यालयांना विकतो. यंदा पिवळे चट्टे पडले, पाणी असूनही दुपारी गवत मान टाकतं. 'मेटाबोलिक मार्कर'वाली, सूत्रकृमी न लागणारी हरळी निघाली असं मोबाइलवर वाचलं. बेणं कुठं मिळेल?

उत्तर: भाऊ, हरळी वावरातून कशी काढू असं विचारणारे रोज भेटतात. तिचं बेणं मागणारे तुम्ही पहिलेच!

सूत्रकृमी म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. आणि मार्कर विकत मिळत नाही. नवीन वाण काढणाऱ्याच्या कामाची ती एक खूण आहे. गवताच्या मुळांत साखर, अमिनो आम्लं, फिनॉल अशी कितीतरी रसायनं असतात. कृमी वाढू देणाऱ्या आणि न देणाऱ्या गवतांची मुळं यंत्रावर तपासायची, कोणतं रसायन दरवेळी कमीजास्त निघतं ते हेरायचं, आणि त्यावरून कोवळी रोपं निवडायची. एरवी प्रत्येक रोप कुंडीत लावून, कृमी सोडून, काही महिन्यांनी मायक्रोस्कोपखाली मोजत बसावं लागतं. फ्लोरिडाच्या रेताड जमिनीत 'स्टिंग' नावाचा सूत्रकृमी बर्म्युडा गवताची, म्हणजे आपल्या हरळीचीच, मुळं खुंटवतो. म्हणून तिकडे हा खटाटोप.

उद्या कोणी असं बेणं घेऊन आलाच, तर विचारा: प्रतिकारक की सहनशील? प्रतिकारक गवतात कृमी वाढत नाहीत. सहनशील गवत हिरवं दिसतं, खाली कृमी मात्र वाढतच राहतात. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. टोमॅटोतला गाठीच्या सूत्रकृमीला रोखणारा 'एमआय' जनुक जमीन २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो. मुळांतली रसायनंही ऊन, पाणी, खतानुसार बदलतात. तिकडची खूण आपल्या मे महिन्यात टिकते का, हे इथं लावून पाहिल्याशिवाय मी तरी मानणार नाही.

आता तुमचं लॉन. चट्ट्यावरची गादी हाताने सहज उचलली जाते का बघा. उचलली तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, शोधा. मुळं आखूड, काळपट आणि तंतुमुळं नसलेली असतील, तर सूत्रकृमीचा संशय धरा. चट्ट्याच्या मधून नव्हे, कडेने दहा-बारा जागची १५ सेंमी खोलीपर्यंतची माती मुळांसकट घ्या. एकत्र करून पाव किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सावलीतून कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. माती वाळवू नका, कृमी जिवंत असले तरच मोजता येतात.

कृमी निघाले तर तो तुकडा मोडा. एप्रिल-मे महिन्यात ओलवून पारदर्शक पॉलिथिनने पाच-सहा आठवडे झाका, कडा मातीत दाबा. आपलं ऊन इथं तरी कामी येऊ द्या. लागवडीआधी चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. फोरेट हे कीटकनाशक कोणी देऊ केलं तर घेऊ नका, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. नवीन बेणं माती धुऊन लावा, कृमी मातीबरोबरच येतात.

आणि अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यातली गादी कापून विकू नका.