बाळ रडलं म्हणून ‘असुरक्षित’ लिहू नका

बाळाचं आईशी नातं सुरक्षित आहे की असुरक्षित हे जोखणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थच्या ‘अनोळखी परिस्थिती’ प्रयोगाचे व्हिडिओ पाहताना नवख्यांची नजर आई खोलीबाहेर जाते त्या क्षणावर खिळते. चूक तिथेच होते. एकूण ८ प्रसंग, पहिला जेमतेम अर्धा मिनिट, बाकीचे ३-३ मिनिटांचे. त्यांत आई परत येते ते २ प्रसंग खरे महत्त्वाचे. टाहो फोडलेलं बाळ तिला बिलगून शांत झालं आणि पुन्हा खेळण्यांकडे वळलं, तर ते सुरक्षितच. आईकडे पाठ फिरवून खेळत बसणारं बाळ ‘शहाणं’ वाटतं खरं, पण अशांचे हृदयाचे ठोके वाढलेले आढळले आहेत.

जवळ जाणं, बिलगून राहणं, टाळणं, प्रतिकार करणं यांना आधी १ ते ७ गुण द्या, सुरक्षित, टाळणारं की प्रतिकार करणारं हा गट मागाहून ठरवा. वय १२ ते १८ महिने. शाळकरी मुलाला हे निकष लावू नका. घरची परिस्थिती बदलली की गटही बदलू शकतो, त्यामुळे यावरून पुढच्या संसाराचं भाकीत नको.

जपानमधल्या साप्पोरोच्या अभ्यासात प्रतिकार करणारी बाळं बरीच निघाली. तिथल्या बाळांना एकटं राहायची सवयच नव्हती. आजी-आत्याच्या कडेवर वाढणाऱ्या बाळाला गुण देतानाही हे तपासा.