कॅनकूनची ५९९ डॉलरची ऑफर

प्रश्न: आम्ही दोघं एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसानिमित्त कॅनकूनला (मेक्सिको) जायचं आहे. एका रिसॉर्टने ५ रात्री, खाण्यापिण्यासकट, ५९९ डॉलरला देऊ केल्या आहेत. अट एकच, ९० मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकायचं. नेहमीचा दर रात्रीला ५०० डॉलर आहे. विमानाचे दोघांचे ९०० वेगळे. कार्डावर २,६०० डॉलर थकले आहेत, व्याज २४ टक्के. महिन्याला ७०० डॉलर शिल्लक पडतात. पत्नीच्या एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीच्या) व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपली आहे. काय करावं?

उत्तर: जा, पण ही ऑफर घेऊन नको आणि लगेचही नको.

ते प्रेझेंटेशन टाइमशेअर विकण्यासाठी असतं, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी एखादा आठवडा रिसॉर्टची खोली वापरायची योजना. नवराबायको दोघांनी बसायचं ही अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोयच उरत नाही. ९० मिनिटांचे तीन-चार तास सहज होतात. मधून उठलात तर खोलीचं पूर्ण भाडं कार्डावर लागतं. ते कलम बारीक अक्षरांत असतं.

समजा सही केलीत. १८,००० डॉलर किंमत धरा, वर्षाची देखभाल फी ९०० आणि तिच्यात दरसाल ५ टक्के वाढ. दहा वर्षांत नुसती फीच ११,३०० च्या वर जाते. एकूण २९,३०० डॉलर, म्हणजे वर्षाला एक आठवडा धरला तर आठवड्याला २,९०० हून जास्त, आणि जेवणखाण बरेचदा त्यावर वेगळं. तिथले हे करार सहसा मालकीचे नसून ठरावीक वर्षं वापरण्याच्या हक्काचे असतात. पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणं मुश्किल.

मेक्सिकोच्या नियमांप्रमाणे सही केल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत करार विनादंड रद्द करता येतो. पण दुसऱ्या दिवशी सही करून उरलेली सुट्टी मजेत घालवली, की एडिसनला पोचून कागद नीट वाचेपर्यंत ती मुदत संपत आलेली असते. चुकून सही झालीच, तर तिथे असतानाच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दाद मागायची जागा म्हणजे प्रोफेको, तिथली सरकारी ग्राहक संस्था.

आता कार्ड. २,६०० वर महिन्याला साधारण ५२ डॉलर व्याज जातंय. नेहमीच्या दराची सहलही त्यावरच टाकलीत तर ते १२० च्या पुढे जाईल. मार्चपासून ७०० भरलेत तर जूनअखेर कार्ड कोरं होतं. जुलै ते नोव्हेंबर ३,५०० साठतात. चार रात्रींचे २,०००, विमानाचे ९००, गाडी, टिपा आणि हॉटेलात वेगळी घेतली जाणारी पर्यावरण फी मिळून ३००. उरलेले ३०० व्हिसा आणि विम्याला. पाचवी रात्र या हिशेबात बसत नाही.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते, नाताळचे दर लागलेले नसतात, चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो. उन्हाळ्यात स्वस्त दिसतं त्याला कारण आहे: वादळं, आणि किनाऱ्यावर साचणारं, कुजून वास मारणारं सारगॅसम शेवाळ. खोली रद्द करता येईल अशाच दराने घ्या, दहावीस डॉलर जास्त पडले तरी.

व्हिसाचं आधी बघा. वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नुसत्या आय-७९७ वर (एच-१बी मंजुरीच्या पत्रावर) मात्र ही सवलत नाही. पत्नीला मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागेल. तो हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. परतताना ३० दिवसांच्या आतल्या प्रवासासाठी जुन्या स्टॅम्पवर प्रवेशाची सोय आहे. त्यासाठी आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या परवानगीची नोंद) वैध हवा आणि तिथे असताना नव्या अमेरिकन व्हिसाचा अर्ज केलेला नको.

कार्ड परदेशी व्यवहाराची फी न लावणारं न्या; पुष्कळ कार्डं ३ टक्के कापतात. मशीनने ‘डॉलर की पेसो’ विचारलं तर पेसो. विमानतळावर बाहेर पडायच्या वाटेवर टॅक्सी, नकाशे, फुकट सहली देणारे भेटतील. बहुतेक जण टाइमशेअरवालेच. गाडी इथूनच ठरवून ठेवा आणि थेट दाराबाहेर या.