‘द टू रॉनीज’ ही ब्रिटिश विनोदी मालिका पहिल्यांदाच बघतोय, सुरुवात कुठून करू?

१९७६ च्या ‘फोर कँडल्स’ (चार मेणबत्त्या) या स्किटपासून करा. गिऱ्हाईक रॉनी बार्कर काहीतरी मागतो, दुकानदार रॉनी कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून ठेवतो. हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागेतल्या दाताळ्याचे दांडे! गिऱ्हाइकाच्या बोलीत ‘ह’ गळतो, सगळा घोळ तिथून. कॉर्बेटचा वाढत जाणारा वैताग नीट बघा, अर्धी गंमत त्यातच आहे.

हे लिहिलंय बार्करनेच. तो ‘जेराल्ड वायली’ या टोपणनावाने स्किटं पाठवायचा, नाव बघून नव्हे तर लिखाण बघून निवड व्हावी म्हणून. मला याचं फार कौतुक वाटतं.

मग खुर्चीत बसून भरकटत किस्से सांगणारा कॉर्बेट बघा. मालिका बीबीसीवर १९७१ ते १९८७ चालली. शब्दखेळ पुष्कळ, त्यामुळे सबटायटल्स लावाच.