तुटलेल्या नसेत बसवलेली धाग्यांची नळी पुढे नसेचं काम करते का?

तुम्ही विचारलंय, की मनगटाजवळ तुटलेल्या नसेत बारीक धाग्यांची नळी बसवली तर तीच पुढे संदेश नेते का, आणि पाठीच्या कण्यातही ती का बसवत नाहीत.

नळी संदेश नेत नाही. ते काम ॲक्सॉनचं, म्हणजे चेतापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूचं, आणि ॲक्सॉन तुमच्याच चेतापेशींतून वाढावा लागतो. या पेशी कण्यात किंवा कण्यालगत, जखमेपासून लांब असतात, म्हणून नस तुटली तरी बऱ्याचशा जगतात. जखमेपुढचा तंतू मात्र विरून जातो; ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर हे दाखवलं होतं. मागे राहतात श्वान पेशी, म्हणजे नसेत ॲक्सॉनला आधार देणाऱ्या पेशी. त्या रांगा लावतात आणि नवा ॲक्सॉन रांग धरून पुढे सरकतो.

मधे मोठी फट पडली की या रांगाच नसतात. अशा वेळी पोटरीतली सूरल नस काढून जोडतात. पद्धत आजही सगळ्यात भरवशाची, पण पावलाची बाहेरची कड बधिर होते. म्हणून नळीचा विचार सुरू झाला. उंदरांवरच्या जुन्या प्रयोगांत रिकाम्या सिलिकॉन नळीतून नसेने 10 मिलिमीटरची फट ओलांडली, 15 मिलिमीटरला ती अडली.

धागे उपयोगी पडतात ते इथे, आणि माझं काम त्यांच्यावरच आहे. सुईच्या टोकाशी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) द्रावणाचा थेंब असतो. त्याला दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब दिला की तो ताणून टोकदार होतो, टोकातून बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि केसाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पातळ धागा समोरच्या ड्रमवर बसतो. ड्रम सावकाश फिरला तर धाग्यांचा गुंता होतो. जोरात फिरला तर सगळे एका दिशेने पडतात. मायक्रोस्कोपखाली फरक लगेच कळतो: गुंत्यावर श्वान पेशी वाटेल तशा पसरतात, सरळ धाग्यांवर त्या लांबट होऊन धाग्याच्या दिशेने ओळीत बसतात, आणि ॲक्सॉनची टोकंही तिकडेच वळतात. रसायन तेच, बदलली ती फक्त दिशा. मला या क्षेत्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण धागे दाट भरले तर ॲक्सॉनलाच जागा उरत नाही. पॉलिमर घाईने विरघळला तर आम्लता वाढते, फार टिकला तर वाढलेल्या नसेवर दाब येऊ शकतो. सध्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या नळ्या बहुतेक पोकळ, कोलॅजनच्या किंवा पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या असतात. त्या साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या फटीसाठी, मुख्यतः संवेदना नेणाऱ्या बारीक नसांत वापरतात. सरळ धाग्यांचं बरंचसं काम अजून प्राण्यांवरच चाललंय.

कण्यात गणित वेगळं. तिथे श्वान पेशी नसतात, जखमेवर घट्ट व्रण तयार होतो, आणि मायलिनमधली, म्हणजे ॲक्सॉनवरच्या आवरणातली, नोगो-ए सारखी प्रथिनं वाढ रोखतात. नुसती दिशा देऊन तिथे भागत नाही.

तुमच्याकडे खरोखर कुणाची नस तुटली असेल तर नळी कोणती यापेक्षा वेळ जास्त महत्त्वाचा. ॲक्सॉन दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो आणि वर्ष-दीड वर्ष संदेशाविना राहिलेला स्नायू सहसा पुन्हा नीट चालत नाही. म्हणून हाताच्या नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला लवकर दाखवा. फट किती आहे आणि टोकं ताण न येता जुळतात का, हे त्यांना आधी विचारा. जुळत असतील तर थेट टाके घालणंच बरं.