खुनाआधी ६०० फोन, मित्राचा फोन घराजवळच्या टॉवरवर : एवढ्यावर शिक्षा होते का?

तुमचा प्रश्न असा : मेव्हण्याचा खून झाला, तुमची बहीण आणि तिचा मित्र आरोपी आहेत. आरोपपत्रात दोघांचे तीन महिन्यांत ६०० फोन दाखवले आहेत, खुनाच्या रात्री मित्राचा फोन घराजवळच्या टॉवरवर होता असं म्हटलंय, आणि दोघांचे संबंध हाच खुनाचा हेतू धरलाय. तुमचे वकील म्हणतात फोनचा पुरावा टिकणार नाही, पोलीस म्हणतात पक्का आहे.

एवढ्यावर शिक्षा होऊ नये, असं कायदा सांगतो. तरीही अशा खटल्यांत खालच्या न्यायालयात शिक्षा होते आणि काही वर्षांनी वर जाऊन ती रद्द होते. मधली वर्षं माणूस तुरुंगात काढतो. म्हणून जे करायचं ते खटला सत्र न्यायालयात असतानाच करायचं, अपिलाच्या भरवशावर सोडायचं नाही.

तुमच्या खटल्याशी मिळताजुळता निकाल म्हणजे ‘रविंदर सिंग उर्फ काकू विरुद्ध पंजाब राज्य’, मे २०२२, सर्वोच्च न्यायालय. दोन लहान मुलांचा खून, मुलांची आई आणि आरोपी यांचे अनैतिक संबंध असल्याचा आरोप, आणि दोघांच्या फोनचे तपशील. फोन कंपनीच्या नोंदींसोबत कायद्याने मागितलेलं प्रमाणपत्र नव्हतं. साक्षीदाराने तोंडी सांगितलं म्हणून प्रमाणपत्राची उणीव भरून निघत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बाकीची साखळीही जुळली नाही आणि आरोपी सुटला.

हे प्रमाणपत्र म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब खालचं. त्याचा आजचा अर्थ महाराष्ट्रातल्याच एका वादातून पक्का झाला : जालन्याची २०१४ची विधानसभा निवडणूक, ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’, निकाल जुलै २०२०. मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल, तर त्यावरून काढलेल्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य आहे. फोन कंपनीचा सर्व्हर कुणी न्यायालयात आणत नाही, त्यामुळे सीडीआरला, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींना, ते लागतंच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : ‘अ’ नोंद सादर करणाऱ्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा आकडा) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहावं लागतं. खटला त्या तारखेआधीपासून चालू असेल तर जुनाच कायदा लागू राहतो, हे आधी वकिलांकडून स्पष्ट करून घ्या.

नेमकी चूक पुढे होते. प्रमाणपत्र नाही हे दिसूनही बचाव पक्ष गप्प बसतो आणि मुद्दा अपिलासाठी राखून ठेवतो. ‘सोनू विरुद्ध हरियाणा’ (२०१७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सीडीआर सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत कागदाला निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडताना घ्यायची. तेव्हा घेतली नाही तर अपिलात ऐकली जाणार नाही. हरकत तोंडी घेऊन भागत नाही, ती रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) किंवा साक्षीच्या नोंदीत आलीच पाहिजे. उलट बाजूही लक्षात ठेवा. हरकत घेतली की सरकार पक्ष प्रमाणपत्र मागाहून आणू शकतो. बंगळुरू स्फोट खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी परवानगी दिली. म्हणून सगळी भिस्त प्रमाणपत्रावर ठेवू नका. आतला मजकूर तपासायलाच हवा.

सीडीआरमध्ये असतं काय? कुणी कुणाला फोन केला, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा ओळख क्रमांक (आयएमईआय), सिमचा ओळख क्रमांक (आयएमएसआय), पहिला आणि शेवटचा सेल आयडी, म्हणजे फोन टॉवरच्या ज्या भागाला जोडला होता त्याचा क्रमांक. बोलणं काय झालं, हे नसतं. व्हॉट्सॲपवरचे कॉलही नसतात, ते डेटामध्ये जातात. ६०० हा आकडा आधी स्वतः मोजा. एसएमएसची वेगळी ओळ असते, कॉल फॉरवर्डची असते, कट झालेला फोन पुन्हा लावला की आणखी एक. तीन महिन्यांत ६०० म्हणजे दिवसाला सहा-सात. त्यातले तीस सेकंदांच्या आतले किती, हे वेगळं काढा. मग त्याच दोन नंबरांचे आधीचे महिने पाहा. वर्षभर रोज इतकेच फोन होत असतील, तर खुनाच्या दिवशीचे फोन कटाची खूण ठरत नाहीत. नेहमीचाच दिवस ठरतो. पण खुनाच्या आधीच्या दोन दिवसांत संख्या अचानक वाढली असेल, किंवा घटनेनंतर पाच मिनिटांत फोन होऊन पुढे दोघं एकदम गप्प झाले असतील, तर न्यायाधीश त्याकडे लक्ष देणारच. हे तुम्हाला आधी कळलेलं बरं.

त्यापुढचा प्रश्न, फोन कुणाच्या हातात होता? त्यासाठी सिमचा ग्राहक अर्ज आणि नोडल अधिकाऱ्याची (नोंदी देणाऱ्या फोन कंपनीच्या अधिकाऱ्याची) साक्ष लागते. सिम भलत्याच्याच नावावर असणं नेहमीचं आहे. मग ते आरोपीच वापरत होता, हे सरकार पक्षाला वेगळ्या साक्षीदारांकडून दाखवावं लागतं. आयएमईआयचे अंक जुळवताना मात्र फसू नका : सीडीआरमध्ये पंधरावा अंक बहुधा शून्य दिसतो आणि जप्त हँडसेटवर दुसराच. तो तपासणीचा अंक नेटवर्कवर जातच नाही, त्यामुळे ही विसंगती खोटेपणाची खूण नाही. पहिले चौदा अंक जुळत नसतील तर तो खरा मुद्दा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही तपासा.

आता टॉवर. एका टॉवरचे साधारण तीन भाग असतात, प्रत्येक १२० अंशांचा. एका भागाचा पल्ला दोन किलोमीटर धरला तरी क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरांहून जास्त होतं. ग्रामीण भागात पल्ला याहून बराच मोठा असतो. ‘घराजवळचा टॉवर’ म्हणजे ‘घरात’ नव्हे. गर्दी असली, मधे डोंगर आला, तर फोन जवळचा टॉवर सोडून लांबचा पकडतो. म्हणून सेल आयडीचा पत्ता, दिशेचा कोन आणि पल्ला दाखवणारा कागद मागवा. नोडल अधिकाऱ्याला उलटतपासणीत हेच विचारायचं. सगळ्यात उपयोगी तुलना मात्र साधी आहे : मित्र त्याच भागात राहतो किंवा कामाला असतो का? आधीच्या साठ रात्रींत त्याचा फोन कितीदा त्याच सेल आयडीवर होता? चाळीस वेळा असेल, तर त्या रात्रीच्या एका नोंदीला वजन उरत नाही.

या जुन्या नोंदी पोलीस बहुधा पूर्ण मागवत नाहीत, फक्त घटनेच्या आसपासच्या घेतात. आणि कंपन्यांना त्या दोनच वर्षं जपण्याचं बंधन आहे (डिसेंबर २०२१ पासून, आधी एक वर्ष होतं). म्हणून घटनेची तारीख मोजा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ९४ खाली नोंदी मागवण्याचा अर्ज आजच्या आज टाकायला सांगा. निदान नोंदी जपून ठेवण्याचा आदेश तरी मिळवा.

जप्त फोनमधून चॅट किंवा रेकॉर्ड केलेला कॉल काढला असेल, तर जप्तीचा पंचनामा बारकाईने वाचा. फोन बंद करून सील केला का, कोणत्या वेळी, प्रयोगशाळेत पोहोचताना सील शाबूत होतं का. जप्तीनंतरच्या वेळेला फोन वापरल्याच्या नोंदी दिसल्या तर तो फार मोठा मुद्दा आहे. तज्ज्ञाच्या अहवालातली वेळ कधी कधी जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले की रात्री एकचा मेसेज संध्याकाळी साडेसातचा दिसतो. चोरून रेकॉर्ड केलाय म्हणून कॉल आपोआप बाद होत नाही, हे ‘मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र’ (१९७२) पासून ठरलेलं आहे. मात्र आवाज कुणाचा, काटछाट झाली का, ऐकू नीट येतं का, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. नकार देऊन सहसा फायदा होत नाही.

संबंधांबद्दल स्पष्ट बोलतो. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही त्याखाली पत्नीला शिक्षा नव्हती. खटल्यात संबंध हा फक्त हेतू. तरी अशा खटल्यांत बाईचं चारित्र्यच पुराव्याच्या जागी बसवलं जातं, आणि हे मला अतिशय चुकीचं वाटतं. पुण्याच्या शरद सारडा खटल्यात (१९८४) फाशीची शिक्षा दोन न्यायालयांत टिकली होती. तिथेही परस्त्रीशी संबंध हा हेतू मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडताना परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं घालून दिली, त्यांना पंचशील म्हणतात. साखळी आरोपीशिवाय दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवणारी उरता कामा नये, हा त्यातला गाभा.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. आरोपीचा खोटा बचाव साखळीतली तुटलेली कडी जोडू शकत नाही, पण साखळी पूर्ण असेल तर तो आणखी एक कडी म्हणून धरला जातो. म्हणून बहिणीचे संबंध खरे असतील, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ च्या जबाबात (जुनं ३१३; यात न्यायाधीश पुराव्याबद्दल आरोपीलाच विचारतात) ‘मी त्याला ओळखतच नाही’ असं सांगायला लावू नका. ६०० फोनांसमोर ते उत्तर टिकत नाही आणि मग तिचं खरंही खोटं वाटू लागतं.

शेवटी, खून घरात झाला आणि ती रात्री घरातच होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं असेल तर फोनपेक्षा हा मुद्दा जड आहे. घरात काय झालं हे तिच्या खास माहितीतलं, तेव्हा खुलासा तिनेच द्यावा, असं सरकार पक्ष म्हणेल. साक्ष अधिनियमाचं कलम १०९ (जुनं १०६) आणि ‘त्रिमुख मारोती किरकण विरुद्ध महाराष्ट्र’ (२००६) पुढे ठेवेल. ती कुठल्या खोलीत होती, दार कुणी उघडलं, पहिला फोन कुणाला आणि किती वाजता केला, शेजारी कोण आधी आलं, हे तिच्याकडून वकिलांनी आत्ताच, तुरुंगातल्या भेटीत, मिनिटामिनिटाने लिहून घ्यावं आणि त्याच सीडीआरशी ताडून पाहावं.