अपघातात पाय गेल्यापासून भाऊ 'माझं सगळं संपलं' म्हणत पडून असतो, त्याला यातून बाहेर कसं काढू?

त्याचा मूड सुधारायची वाट बघू नका, आधी रोजचं एक छोटं काम त्याच्या हातात द्या, मूड हळूहळू मागून येतो. मी पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे हेच बघते, मानसशास्त्रात याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि डिप्रेशनवर हा चांगला अभ्यासलेला उपाय आहे. सुरुवात स्टंपच्या (पायाच्या उरलेल्या भागाच्या) बँडेजपासूनच करा ना, इलॅस्टिक बँडेज आठच्या आकड्यात तिरकं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल, हे त्याने तुमच्या फिजिओकडून शिकून स्वतः बांधायचं. घरचे प्रेमापोटी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात, त्यानेच माणूस जास्त खचतो. 'संपलं सगळं' म्हणाला की 'होईल रे ठीक' म्हणून गप्प करू नका, विचारा नक्की काय संपलं, नोकरी, गाडी चालवणं, लग्नाची चिंता? सुटं सुटं केलं की काहींवर मार्ग निघतो, साइडव्हील लावलेली स्कूटर, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) वगैरे, आणि जे खरंच गेलं त्यासाठी रडला तर रडू दे. नसलेल्या पावलात दुखतं म्हणाला तर तेही खरं असतं, भास म्हणून उडवू नका, त्यावर औषधं आणि आरशासमोरचे व्यायाम आहेत. पण दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल तर एवढ्यावर थांबू नका, सायकियाट्रिस्टला दाखवा, आणि मरणाची भाषा करत असेल तर एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.